तळ्यातलं विमान नापास

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, वीज कंपनीच्या मीटर तपासणी विभागात होते. लोकांच्या घरचे उतरवलेले मीटर एका लांब फळीवर ओळीनं टांगायचे, त्यांतून वीज सोडायची, आतली चकती नीट फिरते की नाही ते बघायचं आणि शिक्का मारायचा. पास किंवा नापास. निवृत्त होईपर्यंत त्यांनी एवढंच केलं. मीटर बिचारे मुके, उलटून बोलत नसत. त्यामुळे भावोजींचा असा समज झाला की सगळं जग दोन शिक्क्यांत बसतं आणि दोन्ही शिक्के आपल्या खिशात आहेत.

त्यांचा छंद होता विमानांच्या प्रतिकृतींचा. खोक्यात प्लास्टिकचे सुटे भाग येतात. ते तासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं विमान तयार होतं. लोक यात दहा प्रकारची विमानं करतात. भावोजींचा जीव एकाच विमानावर. महायुद्धाच्या काही वर्षं आधी बनलेलं, जाड नाकाचं, आखूड, एका माणसाचं लढाऊ विमान. त्याचं खरं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे, ते माझ्या कधी लक्षात राहिलं नाही. आमच्या घरात त्याला ढब्बू म्हणत. लढाई सुरू झाली तोवर ते इतकं मागं पडलं होतं की शत्रूलाही त्याच्यावर गोळी वाया घालवावीशी वाटली नसेल.

लग्नानंतर भावोजी पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले, तेव्हाच आम्हाला ढब्बूचे चार प्रकार समजावून झाले. जेवण संपायच्या आत.

"पहिल्या प्रकाराला कॉकपिट उघडी," ते चमचा आडवा धरून सांगत होते. "पंख्याला दोन पाती. शेपटीखाली चाक नाही, लोखंडी घसरपट्टी. दुसऱ्याला इंजिन मोठं, म्हणून नाक लांब आणि पाती तीन. तिसऱ्याला कॉकपिटवर काचेची टोपी आली आणि घसरपट्टी जाऊन शेपटीला चाक आलं. चौथ्याला दोनाच्या चार बंदुका झाल्या. यातलं काही एकमेकांत मिसळत नाही. तिसऱ्याला घसरपट्टी म्हणजे घोड्याला शिंगं."

माझ्या वडिलांनी मान डोलावली आणि भाबडेपणानं विचारलं, "पण उडायचं का चांगलं?"

"तो प्रश्न नाही," भावोजी म्हणाले.

वडील पुन्हा कधी विमानाविषयी बोलले नाहीत.

मी दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. डॉक्टरांच्या बोथट झालेल्या सळया, ज्यांनी दात टोकरतात त्या, फेकून देतात हे कळल्यावर भावोजी पहिल्यांदा माझ्याशी गोड आवाजात बोलले. त्या सळयांनी प्लास्टिकवर रेघा कोरता येतात म्हणे. तेव्हापासून मी त्यांची पुरवठादार. त्या बदल्यात मला त्यांच्या खोलीत डोकवायची परवानगी मिळाली. घराची गॅलरी काचा लावून बंद केलेली, एक टेबल, वाकड्या मानेचा दिवा, थिनरचा डोकं उठवणारा वास आणि जमिनीपासून छतापर्यंत खोकी. सगळी ढब्बूची. वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या काळातली. आणि तयार झालेलं विमान विचाराल तर एकही नाही.

खरंच एकही नाही. अर्धं झालं की त्यांना कुठून तरी कळायचं, की डाव्या पंखाखालची झडप अमुक महिन्यानंतर गोल झाली. मग ते पंख उपटायचे. पंख उपटताना काहीतरी मोडायचं. मोडलेला तुकडा उडून जमिनीवर पडायचा आणि घरात संचारबंदी लागायची. कोणी चालायचं नाही, केर काढायचा नाही. ताई गुडघ्यांवर बसून बॅटरीच्या उजेडात फरशी धुंडाळायची. सापडलं नाही तर केरसुणीतली धूळ चहाच्या गाळण्यानं गाळायची. एकदा मी गेले तर दोन पाहुण्या बायका आणि ताई, तिघी सोफ्याखाली डोकं घालून. भावोजी वर खुर्चीत बसून सूचना देत होते. मी दारात दिसताच ताईला म्हणाले,

"अगं, तिला सांग ना, की पाय उचलून ठेव."

ज्याला स्वतःला नाचता येत नाही त्याला सगळ्यांची अंगणं वाकडी दिसतात. भावोजींना तर अशा अंगणांची पाहणी करायला एक अख्खं मंडळ मिळालं होतं. शहरातल्या हौशी लोकांचं प्रतिकृती मंडळ, एका फर्निचरच्या दुकानाच्या माडीवर भरायचं. वर्षातून एकदा स्पर्धा. भावोजी परीक्षक झाले, कारण सुरुवातीला कोणालाच व्हायचं नव्हतं. पुढे ते परीक्षक राहिले, कारण त्यांना काढायची कोणाची छाती झाली नाही. मंडळात त्यांना नापासराव म्हणत. त्यांना हे माहीत होतं आणि ते त्यांना बिरुदासारखं वाटायचं.

एका वर्षी मी ताईबरोबर स्पर्धा बघायला गेले होते. मंडळाचे सेक्रेटरी म्हणजे एक औषधाचे दुकानदार. सगळे त्यांना केमिस्ट म्हणत. हसतमुख, घामट, मवाळ माणूस. वर्षभर दुकान बंद झाल्यावर बसून त्यांनी एक ढब्बू केला होता. चकचकीत नाही, धुळकट, पंखाखाली तेलाचे ओघळ, खऱ्यासारखा. भावोजी बॅटरी आणि माझ्या दवाखान्यातली सळई घेऊन वाकले.

"हा कुठला प्रकार?"

"पहिला," केमिस्ट म्हणाले.

"पाती किती?"

केमिस्टांनी पाहिलं. पाती तीन होती. खोक्यातच तशी आली असणार. त्यांनी मान खाली घातली.

"पहिल्याला पाती दोन. म्हणजे असं विमान जगात नव्हतंच. जे नव्हतं त्याची प्रतिकृती कशी होईल?"

केमिस्टांची बायको नवऱ्याचा फोटो काढायला फोन धरून उभी होती. तिनं फोन पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन ओढली. भावोजी पुढच्या टेबलाकडे गेले. त्या वर्षी पहिलं बक्षीस कोणालाच नाही, असं जाहीर झालं. जमलेली सगळी मोठी माणसं, कोणी बँकेत, कोणी कारखान्यात, परीक्षेत आपटलेल्या पोरांसारखी खाली मान घालून चहा प्यायली. मला त्यांचीही कीव आली नाही. एका माणसाला इतकं घाबरायचं, तेही प्लास्टिकच्या पात्यासाठी, म्हणजे हद्द झाली.

मग ते तळ्याचं झालं.

शहराबाहेर एक जुनी, बंद पडलेली धावपट्टी आहे आणि तिच्या टोकाला तळं. त्यातला गाळ काढताना यंत्राच्या दातांत एक शेपूट अडकली. ओढून काढलं तर अख्खा ढब्बू. इंजिन बंद पडून पाण्यात उतरलेला. वैमानिक पोहून बाहेर आला होता, एवढं जुन्या लोकांच्या बोलण्यात होतं. विमान गाळात राहिल्यामुळे टिकलं होतं. शहराच्या वाहन संग्रहालयानं ते कार्यशाळेत नेलं आणि या विमानाची माहिती असलेलं कोणी आहे का, म्हणून मंडळाकडे विचारणा केली. केमिस्टांनी मोठ्या मनानं, किंवा दुसरा इलाज नव्हता म्हणून, भावोजींचं नाव सांगितलं.

भावोजींनी कोट घातला. त्यांना गाडी चालवता येत नाही, म्हणून मी चालवली. ताई पुढे, ते मागे. वाटेत दोनदा बॅटरी लावून बघितली. माणसानं जन्मभर ज्याच्यावर प्रेम केलं, ते पहिल्यांदाच प्रत्यक्ष भेटणार होतं. मला वाटलं, आज हा माणूस रडेल.

कार्यशाळा म्हणजे पत्र्याचं उंच छप्पर, तेलकट फरशी, एका कोपऱ्यात पाण्याची पिंपं. मधोमध लाकडी ठोकळ्यांवर ढब्बू. पंख सोडवून बाजूला ठेवलेले, नाकाचा पत्रा चेपलेला, रंग ठिकठिकाणी गेलेला, पण उभा होता. मला विमानातलं काही कळत नाही, तरी मी त्याच्याभोवती एक फेरी मारली. तिथल्या प्रमुख बाई डोक्याला फडकं बांधून, दोन बोटांना पट्टी चिकटवलेल्या, पुढे आल्या. खूप खूश होत्या. हात पुसून त्यांनी नमस्कार केला.

भावोजींनी उत्तरादाखल बॅटरी काढली. नाकापासून सुरुवात केली. पाती मोजली, तीन. कॉकपिटवरच्या काचेच्या टोपीची चौकट बोटानं चाचपली. मग शेपटीकडे गेले, वाकले आणि तसेच राहिले. बराच वेळ. कंबर धरली की काय, म्हणून ताई पुढे झाली.

ते उठले. चेहरा पडला होता.

"हे चूक आहे," ते म्हणाले.

"काय चूक आहे?" बाईंनी विचारलं.

"विमान."

बाईंना वाटलं ऐकण्यात काही गफलत झाली. "म्हणजे आमचं काही चुकलंय का? पंख सोडवले तेवढेच, बाकी कशाला आम्ही अजून हात लावलेला नाही."

"काचेची टोपी आहे, म्हणजे तिसरा प्रकार. शेपटीला घसरपट्टी आहे, म्हणजे पहिला. तुम्ही दोन विमानांचे तुकडे जोडलेत."

"आम्ही काही जोडलं नाही. तळ्यातून असंच निघालं."

"मग तळ्यात चूक झाली," भावोजी म्हणाले.

ताईनं माझा हात घट्ट धरला. मी हसू नये म्हणून धरला, की तिला स्वतःला हसू येत होतं म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, शेपटीचं चाक मोडलं असेल. नवं मिळालं नसेल. कोपऱ्यात जुनी घसरपट्टी पडली होती, ती लावली. दुसऱ्या दिवशी उडायचं असेल ना त्यांना."

"तसं करायची पद्धत नव्हती."

"पद्धत नसेल. गरज असेल."

भावोजींनी बाईंकडे मीटरकडे बघावं तसं बघितलं आणि वर संचालकांच्या खोलीत गेले. संचालक हे खुर्चीतले गृहस्थ. त्यांना विमान आणि ट्रॅक्टर यांतला फरक पाटी वाचून कळायचा. पण उद्घाटनाची तारीख ठरली होती, आणि ठामपणे बोलणारा माणूस समोर आला की असल्या लोकांना हायसं वाटतं, कारण मग आपल्याला विचार करावा लागत नाही. अर्ध्या तासात ठरलं. घसरपट्टी काढायची, नवं चाक बनवून बसवायचं, म्हणजे तिसरा प्रकार शुद्ध होईल. भावोजी जिना उतरले ते छाती काढूनच. शेजारच्या घरी जाऊन 'तुमचं बाळ चुकलंय, नाक बदला' असं सांगून आलेला माणूस जर कोणी पाहिला नसेल, तर मी पाहिला आहे.

बाईंना हुकूम मानणं भाग होतं. पण त्या कामाच्या पक्क्या. नट सोडवण्याआधी त्यांनी जोडाच्या जागेची माती हलक्या हातानं धुतली. तेव्हा दिसलं, की शेपटीच्या पत्र्यावरचा जुना रंग, तोच रंग, तोच थर, घसरपट्टीवर आणि नटांवर सलग गेला होता. कुठेही तुटला नव्हता. म्हणजे पट्टी बसवली, मग सगळ्यावर एकत्र रंग मारला, आणि मग विमान उडालं. लगतच चाकाचा जुना कप्पा होता, हातानं कापलेल्या पत्र्यानं बुजवलेला. रिव्हेट वाकडेतिकडे ठोकलेले. बाईंनी संचालकांना खाली बोलावून दाखवलं. संचालकांनी लगेच पवित्रा बदलला आणि उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं की हा दुर्मीळ तपशील जपण्याचा आग्रह मी पहिल्यापासून धरला होता. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. समोर भावोजी तिसऱ्या रांगेत बसले होते. मंडळाची माणसं त्यांच्या मागच्या रांगेत. पाठीमागून खुसखुस ऐकू येत होती.

त्यानंतर मंडळात जो धुमाकूळ झाला, तो बघायला हवा होता. इतकी वर्षं दबलेली माणसं एकदम मोकाट सुटली. ज्याला जे वाटेल ते कुठेही चिकटवू लागला. उघडी कॉकपिट, चार बंदुका, चाक, घसरपट्टी, सगळं एकाच विमानात. विचारलं तर उत्तर तयार. "तळ्यातलं नाही का तसं निघालं?" एका बँकवाल्यानं जांभळा ढब्बू केला आणि म्हणाला, दुसरा रंग मिळाला नसेल त्यांना. त्यालाच बक्षीस मिळालं. त्यावरून भांडण झालं, एकानं दुसऱ्याच्या विमानावर कोपर टेकवलं, मुद्दाम की चुकून ते कळलं नाही. आधी मंडळात एक गाढव होतं. आता कळप झाला.

भावोजी मंडळात जायचे बंद झाले. गॅलरीचं दार लावलं ते उघडेनात. ताईला आधी बरं वाटलं, मग तिच्या लक्षात आलं की हा माणूस आता पूर्ण वेळ घरात आहे आणि नजर रिकामी आहे. ते स्वयंपाकघरात येऊन उभे राहू लागले. डब्यांची झाकणं एकमेकांना बसतात का ते बघू लागले. एक दिवस सगळे डबे ओट्यावर काढून म्हणाले, "हे झाकण या डब्याचं नाही."

"मला माहीत आहे," ताई म्हणाली. "त्याचं हरवलं. हे बसतं."

"बसणं वेगळं आणि असणं वेगळं."

ताई दुसऱ्या दिवशी मला न सांगता एकटीच कार्यशाळेत गेली. बाईंना म्हणाली, "यांना काहीतरी काम द्या. पैसे नकोत. नाहीतर मी यांना तळ्यात सोडून येईन."

हे मला खुद्द बाईंनी सांगितलं. त्यांच्या मनात राग नव्हता, किंवा असला तरी कामाची निकड जास्त होती. कॉकपिटमधल्या तबकड्या, वेग, उंची, तेल दाखवणाऱ्या, गाळानं भरल्या होत्या आणि त्या उघडून साफ करणारं कोणी नव्हतं. मीटरवाल्या माणसाला त्या जमतील असं त्यांना वाटलं. भावोजी आधी नाही म्हणाले. मग फक्त बघून येतो म्हणाले. मग डबा घेऊन जाऊ लागले.

आणि कबूल करायला हवं, काम त्यांनी चांगलं केलं. काटे सुटे केले, स्प्रिंगा धुतल्या, काचा कापडानं पुसल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांना दिसलं की तेलाची तबकडी दुसऱ्या प्रकारातली आहे. घरी येऊन ताईला म्हणाले, "ती तबकडी तिथली नाही."

"मग काय केलंत?"

"साफ केली. परत लावली."

ताईनं हे मला सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. तिला वाटलं, माणूस बदलला. सुंभ जळतो, पीळ जात नाही, हे मला दातांच्या दवाखान्यात रोज दिसतं.

झालं तेच. काही महिन्यांत भावोजी संग्रहालयात येणाऱ्यांना विमान दाखवायला उभे राहू लागले आणि त्यांचा नवा धर्म सुरू झाला. चार प्रकार वगैरे सगळं थोतांड. जितकी विमानं तितके प्रकार. एक विमान दुसऱ्यासारखं कधी नव्हतंच. कोणी जाणता पाहुणा नम्रपणे म्हणाला, की हा तिसरा प्रकार ना, तर भावोजी असं काही बघायचे की त्याला आपण शर्ट उलटा घातलाय असं वाटावं. "चार प्रकार मानणारे लोक अजून आहेत वाटतं," ते म्हणत. जणू चार प्रकार आम्हाला जेवणाच्या ताटावर शिकवणारा कोणी तिसराच होता.

त्याच दिवसांत त्यांनी गॅलरी उघडली आणि आयुष्यातलं पहिलं विमान पूर्ण केलं. तळ्यातलं. बहात्तरावा हिस्सा, घसरपट्टीसकट, बुजवलेल्या कप्प्यासकट. सुंदर झालं, खोटं कशाला बोलू. पण पूर्ण का झालं ते मला ठाऊक आहे. त्यात चूक होण्याची सोयच नव्हती. काहीही राहिलं असतं तरी ते तसंच होतं म्हणता आलं असतं.

इकडे जांभळ्या विमानानंतर मंडळ मोडायला आलं होतं. केमिस्ट ताईच्या घरी आले. मधल्या काळात नेमलेल्या दोघा परीक्षकांच्या जोडीला परत परीक्षक व्हा म्हणाले. भावोजींनी दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा उपकार केले. पुन्हा कोट, पुन्हा माझी गाडी. त्यांचं विमान काचेच्या पेटीत, स्पर्धेबाहेर, दाराजवळ मांडलं गेलं. येणारा प्रत्येक जण त्याच्यापाशी थांबत होता आणि भावोजी दुसरीकडे बघत असल्याचं नाटक करत होते.

केमिस्टांनी त्या वर्षी दुसऱ्या प्रकारचा ढब्बू केला होता. या खेपेस त्यांनी एकेक गोष्ट तपासली होती. पाती तीन, नाक लांब, कॉकपिट उघडी, घसरपट्टी. रंग नवा कोरा. भावोजी वाकले, बॅटरी फिरवली, सगळीकडून पाहिलं.

"यात चूक काहीच नाही," ते म्हणाले.

केमिस्टांनी श्वास सोडला.

"तीच चूक आहे. कारखान्याच्या दारातून बाहेर पडलं, त्या दिवशी ते असं होतं. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याचं काहीतरी बदललं असणार. म्हणजे हे विमान फक्त एका दिवसाचं आहे."

माणसानं दोन पाती लावावीत की तीन, बरोबर करावं की चूक, काही कळेना. तेवढ्यात त्यांची बायको पुढे आली.

"आम्ही त्याच दिवसाचं केलंय," ती म्हणाली.

सगळे भावोजींकडे बघत होते. त्यांनी पुन्हा बॅटरी लावली, पुन्हा वाकले. मला त्यांचे कान लाल झालेले दिसले. मग ते सरळ उभे राहिले.

"तसं पाटीवर लिहायला हवं होतं," ते म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

निकालाच्या वेळी मंडळातल्या बाकी दोघा परीक्षकांनी त्यांना न विचारता पहिलं बक्षीस केमिस्टांना दिलं. टाळ्या झाल्या. केमिस्टांच्या बायकोनं फोटो काढला, नवऱ्याचे डोळे मिटलेले आले म्हणून दुसरा काढला. भावोजींनीही टाळ्या वाजवल्या, दोन बोटांनी.

परतताना ते मागच्या सीटवर काचेची पेटी मांडीवर घेऊन बसले होते आणि दर वळणावर मला हळू घे, हळू घे म्हणत होते. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "केमिस्टाला मीच वर काढलं. तो एका दिवसाचा मुद्दा मी मांडला नसता तर त्याच्या बायकोला काय सुचणार होतं?"

"हो ना," ताई म्हणाली, आणि सीट मागे घेऊन तिनं डोळे मिटले.